प्रिंटरलाही परवानगी नव्हती

मे महिन्यात लोकरीचा स्वेटर घालून उन्हात उभा राहणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते आमचे साहेब. त्यांच्याबद्दल लिहायला बसले की हात आपोआप ‘ते’ लिहितो. मनात मात्र ‘तो’च येतो, आणि त्याच्या मागोमाग एक शिवी येते. इतकी वर्षं झाली, ती शिवी काही मवाळ झालेली नाही.

गेवराईच्या बाजूला एका सहकारी दूध संस्थेत मी कॉम्प्युटर ऑपरेटर होते. बी.कॉम. झालेली, बीडला कॉम्प्युटरचा कोर्स केलेली, नवऱ्याच्या गावाहून रोज एसटीनं येणारी. संस्थेत एसीची एकच खोली होती आणि ती माणसांसाठी नव्हती. तिथं मोठं मशीन होतं. आम्ही बाहेरच्या हॉलमध्ये काळ्या पडद्यांसमोर बसायचो, आमच्या तारा त्या मशीनला जाऊन मिळायच्या. आत साहेब एकटे. मशीन तापू नये म्हणून खोली इतकी गार ठेवायचे की स्वतःला स्वेटर घालावा लागायचा. तपकिरी, कोपरांवर ठिगळं लावलेला. कुणावर ओरडायला बाहेर आले की स्वेटर काढायचेही नाहीत. बाहेर डांबर पातळ झालेलं, पत्र्याखाली माणसं पाल्यागत सुकलेली, आणि हा माणूस गळ्यापर्यंत बटणं लावून विचारतोय, “परवानगी कुणी दिली?”

खुर्ची सरकवली, परवानगी कुणी दिली? पंख्याची दिशा बदलली, परवानगी कुणी दिली? माठावरचा पेला त्यांनी साखळीनं बांधून ठेवला होता. एकदा मी तो साखळीतून सोडवून विसळला, तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. ते दोन दिवस फार सुखाचे गेले.

एक गोष्ट मात्र होती. जो नियम आम्हाला, तोच स्वतःला. लघवीला जायचं असलं तरी मॅनेजरच्या दारात जाऊन उभे राहायचे आणि मॅनेजरनं मान वर करून ‘हं’ म्हटल्याशिवाय हलायचे नाहीत. मॅनेजर मुद्दाम मान खाली घालून बसायचा. साहेब पायांवर पाय चोळत उभे. आम्हाला हसू यायचं. मला नंतर नंतर हसू येईनासं झालं.

त्यांच्याकडं माणसं मोजायची एक पद्धत होती. ती त्या मशीनमधूनच आलेली. त्या मशीनमध्ये प्रत्येक फाईलला तीन तऱ्हेची माणसं असतात: मालक, मालकाचा गट आणि बाकीचे. आणि फाईलीचं तीन तऱ्हेनं काही करता येतं: वाचता येतं, लिहिता येतं, चालवता येतं. वाचण्याचे चार, लिहिण्याचे दोन, चालवण्याचा एक. ज्याला सगळं करता येतं तो सात. ज्याला काहीच नाही तो शून्य. साहेबांनी हे आकडे फायलींवरून माणसांवर आणले.

पहिल्याच दिवशी मला म्हणाले, “तू सहा.”

“म्हणजे काय, सर?”

“वाचायचं, लिहायचं. चालवायचं न्हाई. दिसतंय म्हणून हात लावायचा नसतो, बाई.”

शिपाई चार होता. मॅनेजर पाच. माझा नवरा मला घ्यायला आला तेव्हा त्याला दाराबाहेर थांबवून म्हणाले, “पाव्हणे शून्य.” नवऱ्यानं घरी येऊन विचारलं, “मला शून्य कावून म्हणला गं तो?” मी काय सांगणार!

चेअरमनलाही सोडलं नाही. एकदा चेअरमन दोन पाहुण्यांना घेऊन कॉम्प्युटर दाखवायला आले. चपला काढल्या, हे त्यांच्या दृष्टीनं फार झालं. पाहुण्यांसमोर ऐटीत म्हणाले, “ते गावांच्या नंबराचं काढा बरं. आमच्या वस्तीला जरा वर घ्या.”

साहेब उठले नाहीत. “साहेब, तुमी चार.”

“चार काय?”

“बघायचं. हात लावायचा न्हाई.”

“आबे, संस्था कुणाची हाय?”

“सभासदांची,” साहेब म्हणाले. “सहकारात मालक सभासद असतो. तुमी निवडून आलेले. वाचा पाहिजे तितकं.”

चेअरमनच्या कानशिलाची शीर मला काचेतून दिसत होती. मी तोंडाला पदर लावला. त्या क्षणापुरता तो माणूस मला आवडला होता, हे कबूल करते. असे क्षण आणखीही होते, म्हणून तर राग येतो. नुसता नालायक असता तर विसरून गेले असते.

‘गावांच्या नंबराचं’ म्हणजे पाण्याच्या टँकरचं. दुष्काळाचं दुसरं वर्ष चालू होतं. जनावरं छावणीत गेली होती, दूध आटलं होतं, आणि दुधाचे टँकर आवारात नुसतेच उभे होते. मग तेच धुऊन पाण्याला लावले. आधी फेरीच्या चिठ्ठ्या हातानं लिहायचे. चिठ्ठी दाखवली की संस्थेच्या पंपावर डिझेल मिळायचं. त्यात काय काय चालायचं हे सगळ्या तालुक्याला माहीत होतं. तलवाड्याकडं म्हणून निघालेला टँकर चेअरमनच्या मोसंबीत रिकामा व्हायचा. वाड्या-वस्त्या वाट बघत बसायच्या.

साहेबांनी हे मोडलं. एकट्यानं. गावांची पाळी मशीनमध्ये बांधून टाकली. रोज सकाळी ज्याची पाळी त्याचीच चिठ्ठी प्रिंटरमधून निघणार, आणि पंपावर छापील चिठ्ठीशिवाय डिझेलचा थेंब नाही. ज्या वस्त्यांची नावंही मॅनेजरला माहीत नव्हती, तिथं टँकर जायला लागला. लोक त्यांना देवमाणूस म्हणायला लागले. देवमाणूस एसीत स्वेटर घालून बसलेला असायचा.

आता प्रिंटरची गोष्ट.

एका सकाळी प्रिंटर बंद पडला. म्हणजे दिवा हिरवा, कागद भरलेला, पण चिठ्ठी निघेना. भरलेले टँकर ओळीनं उभे. ड्रायव्हर सावलीत बिड्या ओढत. साहेबांनी आधी माझी चूक काढली. मग रिबीन बदलायला लावली. मग तार बदलायला लावली. मग प्रिंटर उलटा करून झटकायला लावला, जणू आत मुंगळे शिरलेत. दुपार झाली.

तेवढ्यात एक म्हातारी आली. धनगराची. तलवाड्याच्या पलीकडं माळावर एक वस्ती आहे, तिथली. तिचा लेक आणि सून मेंढरं घेऊन चाऱ्याच्या शोधात लांब गेलेले. ही मागं राहिली, चार शेरडं आणि एक आंधळा कुत्रा घेऊन. त्या दिवशी तिच्या वस्तीची पाळी होती. टँकर येईना म्हणून कुणाच्या तरी ट्रॅक्टरवर बसून चौकशीला आली. डोक्यावर मोकळी घागर. ती घरी ठेवून यायचंही सुचलं नव्हतं तिला.

काचेच्या दाराला तिनं घागर आपटली. साहेब आतूनच ओरडले, “बाई, आत यायची परवानगी न्हाई!”

“मला आत यायचंच न्हाई,” म्हातारी म्हणाली. “तू बाहीर ये.”

आणि ते आले. उन्हात, तिच्यासमोर, स्वेटर घालून. म्हातारीनं त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं.

“उनात लोकर घालून हिंडतूस व्हय रं? तुला कसली तहान कळायची!”

“मशीन बिघडलंय, आजी. दुरुस्ती चाललीय.”

“मशीनला काय झालं?”

“प्रिंटर छापत न्हाई.”

“मंग छापू नगंस. पाणी धाड. पाण्याला काय छापायचं असतंय?”

ड्रायव्हर हसले. साहेबांना हसू आलं नाही, रागही आला नाही. ते तसेच आत गेले. आणि मग थोड्याच वेळात आतून आरोळी आली, “सापडलं!”

झालं असं होतं. आदल्या संध्याकाळी त्यांनी मशीनचा बंदोबस्त आणखी आवळला होता. इथून पुढं जी फाईल तयार होईल ती फक्त तिच्या मालकालाच वाचता येईल, बाकी कुणालाही नाही. चिठ्ठीची फाईल तयार होत होती. पण छापण्याचं काम करणारा जो प्रोग्राम होता, तो वेगळ्या नावानं चालायचा. मशीनच्या हिशेबी तो ‘बाकीच्यां’पैकी. त्याला चिठ्ठी वाचताच येत नव्हती, मग छापणार काय?

मला वाटलं, आता हे बाहेर जाऊन म्हातारीची माफी मागतील. ते आनंदानं टेबलावर थाप मारून म्हणाले, “बगा, किती पक्कं बसवलंतं! प्रिंटरलाबी परवानगी न्हाई!”

त्या माणसाचा अभिमान! बाहेर लोकांचे घसे कोरडे पडलेत आणि हे स्वतःच्या कुलुपावर खूश. मी हातातली जुनी रिबीन त्यांच्या टेबलावर टाकली. शाई त्यांच्या बाहीला लागली. “सर, उद्या तुम्ही आजारी पडलात तर काय करायचं? मुख्य पासवर्ड आणखी एका तरी माणसाला सांगून ठेवा. मला शिकवा. कुणालाही शिकवा.”

“मी आजारी पडत न्हाई,” ते म्हणाले आणि शाई पुसत बसले.

संध्याकाळी टँकर वस्तीवर पोचला. म्हातारी त्याच टँकरच्या केबिनमध्ये बसून परत गेली. जाताना मला म्हणाली, “तुझा साहेब येडा हाय, पर चोर न्हाई. येडा परवडतो.” ती असं म्हणाली. मला तेव्हाही पटलं नव्हतं.

पुढं ऊन वाढलं, विहिरी तळाला गेल्या, तशी चेअरमनची मोसंबी वाळायला लागली. त्यांनी साहेबांना कॅबिनमध्ये बोलावून सरळच सांगितलं. दिवसाआड एक फेरी बागेत. साहेबांनी सरळच नाही म्हटलं. चेअरमननं त्याच दिवशी त्यांना निलंबित केलं आणि कॉम्प्युटर आपल्या भाच्याच्या हवाली करायला सांगितलं. भाचा पुण्यात कॉम्प्युटर शिकून नुकताच परत आला होता. डोळ्यांवर गॉगल, बोलायला गोड.

साहेबांनी हवाली केलं. पण कसं? मुख्य पासवर्ड टाकून मशीन उघडलं, खुर्चीवरून उठले आणि भाच्याला म्हणाले, “बसा. उघडं हाय.”

“पासवर्ड काय?”

“हुकुमात मशीन हवाली करा लिहिलंय. पासवर्ड सांगा असं लिहिलेलं न्हाई.”

स्वेटर काढून त्याची घडी घातली, पिशवीत ठेवली आणि मॅनेजरच्या दारात जाऊन उभे राहिले. जायची परवानगी हवी होती! मॅनेजरनं या वेळी लगेच मान वर केली. ते मांजरसुंब्याला निघून गेले. तिथं हायवेवर त्यांच्या मेव्हण्याचं टायर पंक्चरचं दुकान होतं.

भाच्यानं चेअरमनच्या कॅबिनमधल्या पडद्यावरून गावांची पाळी बदलायचा प्रयत्न केला. मशीननं परवानगी नाकारली. पुन्हा केला, पुन्हा नाकारली. तो घाम पुसत आतल्या खोलीत आला आणि साहेबांनी उघडून ठेवलेल्या पडद्यासमोर बसला. मी तिथंच होते.

“ताई, सिंपल आहे हो. या म्हाताऱ्यानं उगाच कुलपं घालून ठेवलीत. सगळ्यांना सगळं देऊन टाकू. कटकटच नको.”

“सगळं म्हणजे?”

“सात-सात-सात.”

त्यानं एका ओळीचा हुकूम टाईप केला. मशीनच्या मुळापासून टोकापर्यंत जितक्या म्हणून फायली, त्या सगळ्या, सगळ्यांना सताड उघड्या. मी म्हटलं, “थांबा, सरांना फोन करून विचारू.” तोवर त्याचं बोट पडलं होतं. मशीन थोडा वेळ घरघरत राहिलं. मग काहीबाही तक्रारी पडद्यावर यायला लागल्या. भाचा घाबरला आणि घाबरलेला माणूस जे करतो तेच त्यानं केलं. मशीन बंद करून पुन्हा चालू केलं.

मशीन चालू झालं, पण साहेबांनी उघडून ठेवलेलं दार आता मिटलं होतं. आणि ज्यात गावांची पाळी होती तो डेटाबेसही उघडेना. त्याच्या आत एक शहाणपण बसवलेलं असतं. आपली जागा सगळ्या जगाला उघडी दिसली की तो कामच सुरू करत नाही. कुणीही येऊन ढवळावं अशा ठिकाणी तो राहतच नाही. आता दुरुस्त करायचं तर मुख्य पासवर्ड पाहिजे. तो मांजरसुंब्याला पंक्चरच्या दुकानात बसलेला.

टँकर पुन्हा उभे राहिले.

मॅनेजर पंपावर जाऊन म्हणाला, दे डिझेल. पंपावरचा माणूस म्हणाला, लेखी द्या. मागं हाताच्या चिठ्ठीवर डिझेल दिलं म्हणून त्यालाच नोटीस मिळाली होती. मॅनेजरनं चेअरमनकडं बोट दाखवलं. चेअरमन लेखी देईनात, कारण दिलं तर मशीन कुणी बिघडवलं हेही लिहावं लागलं असतं. एका टँकरच्या टाकीत थोडं डिझेल शिल्लक होतं. तो गेला. मोसंबीत गेला. मी माझ्या डोळ्यांनी पाहिला.

मी संस्थेची जीप मागितली आणि मांजरसुंब्याला गेले. साहेब एका ट्रकच्या टायरवर बसून पेपर वाचत होते. अंगात बनियन. स्वेटरशिवाय ते किती हडकुळे होते हे मला पहिल्यांदाच दिसलं.

“सर, चला. टँकर उभे आहेत.”

सगळं ऐकून घेतलं. भाच्याचा हुकूम ऐकला तेव्हा कपाळावर हात मारला. मग म्हणाले, “मी निलंबित हाय. मला आवारात पाऊल टाकायची परवानगी न्हाई. लेखी आणा.”

“लेखी कोण देणार? चेअरमन देणार? सर, आज त्या माळावरच्या वस्तीची पाळी आहे. ती म्हातारी आठवते ना?”

“आठवते. नियम एकासाठी मोडला की सगळ्यांसाठी मोडतो. आज मी म्हातारीसाठी मोडू, उद्या ते मोसंबीसाठी मोडतील.”

“ते आत्ताच मोसंबीत गेलेत!” मी ओरडले. ट्रकवाले वळून बघायला लागले. “तुमचा नियम फक्त माणसांना अडवतो, सर. चोर तर गेला पण!”

त्यांनी पेपर उचलून तोंडासमोर धरला. परत येताना जीपमध्ये मी रडले, आणि ते रडू दुःखाचं नव्हतं. मला कुणाचं तरी डोकं फोडायचं होतं आणि कुणाचं आधी फोडावं ते कळत नव्हतं.

चेअरमनला विचारलं. चेअरमन म्हणाले, “त्याला यायचंय तर आधी माफीनामा लिहून दे म्हणावं.” म्हणजे हा म्हणतो तू लिही, तो म्हणतो तू लिही. दुसऱ्या दिवशी मला जीपही दिली नाही. मी पहाटेची एसटी धरून बीड, बीडहून मांजरसुंबा. साहेब त्याच टायरवर.

वहीचं पान फाडून मी लिहून आणलं होतं. ते त्यांच्या हातात दिलं. ‘आपणास मशीन दुरुस्त करण्यासाठी आवारात येण्याची परवानगी देत आहे.’ खाली माझी सही.

“तुला काय अधिकार?” त्यांनी विचारलं.

“मी सभासद आहे. माहेरहून आलेल्या गाईचं दूध मी माझ्या नावानं घालते. संस्थेत माझ्या नावचा शेअर आहे. सहकारात मालक कोण असतो, सर? चेअरमनला पाहुण्यांसमोर तुम्हीच सांगितलंत ना? मग मी मालक आहे. मालक तुम्हाला सांगतोय, उठा.”

त्यांनी कागद दोनदा वाचला. मग आत जाऊन शर्ट घालून आले. कागद घडी करून खिशात ठेवला.

आवारात कुणी अडवलं नाही. अडवायचं धाडस कुणात नव्हतं, कारण तोवर फाटकाबाहेर दोन-तीन गावांची माणसं जमली होती. भाचा कुठं दिसला नाही. साहेब आत शिरले. पण मुख्य पासवर्ड टाकायच्या आधी त्यांनी मला बोलावलं.

“तुझ्या नावानं उघड.”

मी उघडलं. त्यांनी माझ्याच नावाखाली बसून एक फाईल दाखवली. “ही बग. पासवर्डची फाईल. एरवी ही फक्त मुख्य माणसालाच लिहिता येती. त्या दीडशहाण्यानं सगळंच उघडं टाकलं, म्हंजे हीबी उघडी. काल तू सोताच मुख्य पासवर्ड बदलून आत जाऊ शकली असतीस. दार सताड उघडं होतं की, बाई! माझ्या दारात कावून आलतीस?”

चेहऱ्यावर तेच हसू होतं, प्रिंटरच्या दिवशीचं.

मी उभी राहिले. हॉलमधले सगळे ऐकत होते आणि मला त्याची पर्वा नव्हती. “शिकवलंत कधी?” मी म्हटलं. “दोन वर्षं झाली. रोज काचेपलीकडं बसले. सहा म्हणालात, सहा राहिले. ‘चालवायचं न्हाई’ म्हणालात, मी कधी हात लावला नाही. आता मला विचारता, दार उघडं होतं तर आत कावून गेली नाहीस? तुम्हाला लाज वाटत नाही?”

हसू गेलं. ते पडद्याकडं वळले. संध्याकाळपर्यंत एकेक फाईल पहिल्यासारखी करत राहिले. प्रत्येक वेळी काय करताहेत ते मोठ्यानं बोलत होते. माझ्याकडं न बघता, पण मला ऐकू जाईल असं. मी ते सगळं, मुख्य पासवर्डसुद्धा, लिहून घेतलं. आजही मी त्याच ज्ञानावर पोट भरते, आणि तेही मला चांगलंच बोचतं.

दुसऱ्या सकाळी चिठ्ठ्या निघाल्या. माळावरच्या वस्तीचा टँकर सगळ्यात आधी सोडला. ड्रायव्हर दुपारी परतला तो केबिनमधून उतरलाच नाही. स्टिअरिंगवर हात ठेवून म्हणाला, “म्हातारी काल हिरीत उतरली.”

विहिरीच्या तळाला वाटीनं भरण्याइतकं पाणी होतं. माणसांनी कसं तरी भागवलं, पण शेरडं ओरडत होती. पायऱ्या अर्ध्यात संपलेल्या. तिथून खाली ती दोर धरून गेली आणि दोर सुटला. वस्तीवरच्यांनी वर काढलं. मांडीचं हाड मोडलं होतं. जीव वाचला. बीडच्या दवाखान्यात नेलं.

साहेब माझ्या मागं उभे होते. मी वळून त्यांच्याकडं पाहिलं नाही. मला भीती होती की ते काहीतरी बोलतील, आणि मी त्यांना मारीन.

मग चौकशी झाली. तालुक्याहून अधिकारी आले. साहेबांनी जबाब लिहून दिला: ‘हुकूम भाच्यानं दिला. भाच्याला चेअरमननं बसवलं. दुसरी किल्ली कुणालाही न देण्याचा गुन्हा माझा.’ पहिल्या दोन वाक्यांचं काय झालं देव जाणे. तिसरं वाक्य तेवढं सगळ्यांनी वाचलं. साहेबांना काढून टाकलं. भाचा पुढच्या निवडणुकीत संचालक झाला. मी नोकरी सोडली नाही. कुणी तरी चिठ्ठ्या काढायला हवं होतं, आणि आता ते मला येत होतं. मुख्य पासवर्ड मी मॅनेजरला आणि आणखी एका ऑपरेटर बाईला सांगून ठेवला, त्या दोघांना नको असताना.

साहेबांचं पुढं काय झालं हे मला महिनाभर माहीत नव्हतं. मांजरसुंब्याला असतील, असतील तिथं असोत, असं मी मनाशी म्हणायचे. मग एकदा टँकर खरंच पोचतात का ते बघायला मी एका ड्रायव्हरबरोबर माळावरच्या वस्तीवर गेले.

लांबूनच आरडाओरडा ऐकू आला. छपराखाली बाजेवर म्हातारी, पाय फळीला बांधलेला, हातात काठी. समोर साहेब. धोतरासारखी गुंडाळलेली लुंगी, डोक्याला फडकं, आणि हातात एका शेरडाचा कान.

“आरं, ती न्हाई! ती आत्ताच प्यालीय! ती पांढऱ्या पायाची आण!”

“हिनं तोंड लावलं, पेली न्हाई! मी बघितलंय!”

“तू काय बघतूस! जलमात शेरडू बघितलंस का? सोड तिचा कान, तुज्या बापाचा हाय का त्यो?”

“मंग तुमीच उठा आन पाजा!”

“उठले असते तर तुला कशाला ठिवला असता, मुडद्या!”

ड्रायव्हरनं मला सांगितलं, म्हातारी दवाखान्यातून आली त्या दिवसापासून हा इथं आहे. समाजमंदिरात झोपतो. शेरडं चारतो, पाजतो, धारा काढायला जातो आणि लाथा खातो. लेक मेंढरं घेऊन परत येईपर्यंत राहणार म्हणतो. म्हातारी रोज त्याला हाकलते. तिनं त्याला माफ केलंय का, असं मी विचारलं. ड्रायव्हर म्हणाला, “तिच्या शिव्या ऐकल्या न्हाईत का?”

टँकरचा नळ सोडला. हौदात पाणी पडायला लागलं. शेरडं आवाजाकडं धावली, साहेब त्यांच्यामागं धावले, घसरले, गुडघ्यावर पडले. उठताना त्यांनी मला पाहिलं. मीही त्यांना पाहिलं. ते काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं.

मला वाटलं होतं, त्यांना असं शेणात पडलेलं बघून माझा राग उतरेल. उतरला नाही. बाजेवरच्या त्या फळी बांधलेल्या पायाकडं बघितलं आणि उलट वाढला. चेअरमनवर, भाच्यावर, मॅनेजरवर आणि सगळ्यात जास्त याच माणसावर, कारण बाकीच्यांकडून मी कधी काही अपेक्षाच केली नव्हती.

म्हातारी काठी आपटत ओरडली, “आगं ए बाई, बघत काय उभी राह्यलीस? त्येला येकट्याला जमतंय व्हय?”

मी साडीचा काष्टा खोचला, हौदाच्या कडेची बादली उचलली आणि पांढऱ्या पायाच्या शेळीला धरायला गेले.